शेकाचा दुसरा प्लॅन

बाबांच्या गळ्याचा शेक निम्म्याहून जास्त झाला होता, तेव्हा एका सकाळी मशीनच्या खोलीतून टेक्निशियन मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "आज काकांची ट्रीटमेंट होणार नाही. त्यांचा प्लॅन बदलायचाय."

रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेक म्हणतात. गरम पाण्याच्या पिशवीने गुडघा शेकावा इतका साधा तो शब्द. आम्हीही तोच वापरत होतो, कारण बाबांना तो कळत होता आणि आईला त्याची भीती वाटत नव्हती.

मी विचारलं, "बदलायचाय म्हणजे? का?"

"ते डॉक्टर सांगतील."

"डॉक्टर आहेत का?"

"आज त्या इथे नसतात. तुम्ही घरी जा, आम्ही फोन करू."

मुलगी वागायला चांगली होती. बाबांना रोज हात धरून टेबलावर चढवायची. पण पुढचा पेशंट गाऊन घालून उभा होता, आणि तिच्या दृष्टीने आमचं काम संपलं होतं. दार बंद झालं. वरचा लाल दिवा पुन्हा पेटला, दुसऱ्या कुणासाठी.

बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले. शेकाच्या वेळी चेहऱ्यावर बसवायच्या मुखवट्याच्या जाळीचे चौकोन कपाळावर उमटले होते. त्यांचा आवाज तोवर जवळजवळ गेलाच होता, हवेसारखे शब्द यायचे.

"काय झाला?"

"आज नाही म्हणतात."

"मशीन बिघाडला?"

"नाही. तुमचा प्लॅन बदलणार आहेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांची एकुलती एक मुलगी, डिचोलीच्या एका हायस्कुलात गणित शिकवते, इंग्रजी वाचते, गाडी चालवते. मला कळलं असणारच, असं त्यांनी धरलं होतं. मला काहीच कळलं नव्हतं.

बाबा मूळचे दोडामार्गाकडचे. ऐन तरुणपणी खाणीवर काम मिळेल म्हणून इकडे डिचोलीत आले आणि इथलेच झाले. शिरगावच्या खाणीतून जेटीपर्यंत मातीचे टिप्पर त्यांनी कित्येक वर्षं चालवले. खाणी बंद पडल्यावर एका व्यापाऱ्याचा टेम्पो. बोलणं मात्र शेवटपर्यंत मालवणीच राहिलं. आई पेडण्याची, केरीची, समुद्राजवळची. तिच्या बोलण्यात निम्मी कोकणी. त्या दोघांच्या मधली कुठली तरी भाषा बोलत मी वाढले, आणि शाळेत पुस्तकी मराठी शिकवू लागले.

आवाज बसला तेव्हा बाबांनी तो धुळीवर ढकलला. आयुष्यभर लाल धूळ खाल्लीय, घसा बसणारच. मग मानेला उजवीकडे गाठ दिसू लागली. तपासण्या झाल्या. कॅन्सरचं निदान सांगताना डॉक्टर बाई मात्र फार नीट बोलल्या होत्या, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं, गाठ कुठे आहे ते दाखवलं. सात आठवडे शेक, आठवड्यातून एकदा सलाइनमधून औषध. मग बाबांचा मुखवटा तयार केला. प्लास्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर, खांद्यापर्यंत दाबून बसवतात, आणि तो थंड होऊन त्या माणसाच्या आकाराचा होतो. तो रोज टेबलाला अडकवायचा, म्हणजे मान हलत नाही. त्यानंतर स्कॅन झाला आणि प्लॅन तयार व्हायला आठवडा लागला.

"एवढा वेळ का?" असं मी तेव्हा विचारलं होतं.

"हा प्लॅन फक्त यांच्यासाठी आहे," बाई म्हणाल्या होत्या. "किरण कुठून शिरणार, कुठे किती पडणार, सगळं मिलिमीटरमध्ये ठरतं. दुसऱ्या कुणाचा यांना चालणार नाही."

ते वाक्य आमच्या घरात फार मोठं झालं. आई शेजारणींना सांगायची, ह्यांच्यासाठी खास प्लॅन केलाय. बाबाही मान डोलवायचे. दर सकाळी डिचोलीहून निघून अस्नोड्यावरून आम्ही जायचो, तेव्हा माझ्या बाजूला बसलेल्या बाबांचा पाय नसलेला ब्रेक दाबत असायचा. "क्लच सोड आधी," "त्या बसच्या मागसून जाव नको," असं चालायचं. तिसऱ्या आठवड्यानंतर ते बोलेनासे झाले. घशाला आतून फोड आले होते. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे घेऊन यायचा, तेव्हा बाबा चहात बुडवून निदान अर्धा उंडा खायचे, तोही बंद झाला. मग पेज, मग पेजेचं नुसतं पाणी. पँट कमरेला दोरी लावून बांधायला लागली. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून खाणं द्यायचं सुचवलं होतं. बाबांनी हाताने नाही म्हटलं होतं, आणि तो विषय तिथेच थांबला होता.

आणि आता तो खास प्लॅन बदलणार होते.

परतीच्या वाटेवर बाबांनी एकच प्रश्न विचारला. "पयलो प्लॅन चुकलेलो काय?"

"नाही हो. तसं नसतं."

"मग कित्या बदलतत?"

मी गिअर बदलला.

घरी आल्या आल्या मी इस्पितळाला फोन लावला. काउंटरवरून विभागात, विभागातून पुन्हा काउंटरवर. शेवटी एक ज्युनिअर डॉक्टर लाइनवर आले. आवाजावरून तरुण, घाईत.

"मॅडम, काळजी करू नका. रूटीन आहे. अ‍ॅडॅप्टिव्ह प्लॅनिंग म्हणतात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे अ‍ॅनाटॉमी बदलली की प्लॅन बदलावा लागतो."

"अ‍ॅनाटॉमी कशामुळे बदलली?"

"ते नवीन स्कॅनवर कळेल. नवीन मास्क करावा लागेल, मग स्कॅन, मग प्लॅन. तोपर्यंत शेक बंद."

"बंद? किती दिवस?"

"फिजिक्सवाल्यांवर आहे ते, प्लॅनचं गणित ते करतात. आम्ही कळवू."

मी फोन ठेवला तेव्हा आधीपेक्षा कमी कळलं होतं. आतलं काहीतरी बदललंय, एवढंच डोक्यात राहिलं. गळ्यात कॅन्सर असलेल्या माणसाच्या आतलं काय बदलणार? वाढला असणार. मी तसं आईला सांगितलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला ते कळलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छच होती.

इंटरनेटवर शोधायची चूक मी केली. इंग्रजीतून पानंच्या पानं मिळाली, आणि प्रत्येक पानावर शेवटी लिहिलेलं, तुमच्या डॉक्टरांना विचारा. वाचून वाचून मला राग येऊ लागला. डॉक्टर भेटत असत्या तर मी इथे कशाला आले असते?

दुसऱ्या दिवशी केरीहून मामा आला. पिशवीत ताजी लेपी मासळी. बाबांना लेपी फार आवडतात म्हणून पहाटे समुद्रावर जाऊन घेऊन आलेला. बाबांना पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येत होतं, हे त्याला माहीत नव्हतं. आम्हीच कळवलं नव्हतं. बाबांनी पिशवीत डोकावून बघितलं, मासा हातात घेतला, उलटसुलट केला आणि आईकडे दिला. "तुमी खावा," म्हणाले.

मामा बाहेर बलकांवात, दारापुढच्या ओसरीवर बसला. "कितें म्हणटा दोतोर?"

मी सांगितलं ते असं: प्लॅन बदलणार, का ते माहीत नाही, शेक बंद आहे, किती दिवस ते माहीत नाही. सांगताना माझं मलाच ते लाजिरवाणं वाटलं.

मामाने पाय वर घेतले. मग म्हणाला, "मला विचारशील तर मशीनवाल्यांनी काहीतरी घोटाळा केलाय. दुसऱ्याचा प्लॅन यांना लावला असणार. आता झाकायला बघतात."

"तसं नसतं मामा. रोज नाव विचारतात, फोटो बघतात."

"मग कारण का सांगत नाहीत? ज्याचं काही लपवायचं नाही तो सांगतो." तो पुढे म्हणाला, "बेळगावला घेऊन जाऊया. माझ्या ओळखीचा एक आहे तिकडे."

बाबा आतल्या खाटेवर पडून ऐकत होते. त्यांना वाटेल की त्यांच्याशिवाय सगळे ठरवतायत, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. माझं लक्ष फोनकडे होतं.

फोन आला तो मुखवट्यासाठी. पुन्हा गरम पाणी, पुन्हा पत्रा, पुन्हा स्कॅन. मी तिथे दोघांना विचारलं. एकाने सांगितलं, वजन कमी झाल्यामुळे. दुसऱ्याने सांगितलं, डॉक्टरांचा निर्णय आहे. डॉक्टर बाई ऑपरेशन थिएटरशेजारच्या कुठल्यातरी मीटिंगमध्ये होत्या. आम्ही तासभर वाट बघितली. बाबांना खुर्चीत बसवेना, मान एका बाजूला पडू लागली, म्हणून घरी आणलं. येताना मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला.

"बाबा, वजन कमी झालं की शर्ट सैल होतो ना? तसा तो मुखवटा सैल झालाय. म्हणून नवा शिवला."

त्यांनी डोळे मिटले होते. तसेच मिटून म्हणाले, "माका पोराटोरांसारख्यो गोष्टी सांगू नको."

मला लागलं ते. कारण खरं होतं. मला स्वतःला कळलं नव्हतं आणि मी शर्टाची गोष्ट रचून त्यांना गप्प करायला बघत होते. शर्ट सैल झाला तर नवा शर्ट शिवतात. सगळा आराखडा पहिल्यापासून का करतात? तो प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण तोच होता.

मग पुढचा फोन. काउंटरवरची बाई. "सोमवारपासून सुरू करायचंय. आणि शनिवारीसुद्धा यायचं. एका दिवशी दोनदा शेक द्यायचाय, सकाळी आणि संध्याकाळी. मध्ये सहा तास तरी जायला हवेत."

"आधी शनिवार नव्हता. दोनदा का?"

"प्लॅनमध्ये तसं आलंय."

"पण का आलंय?"

"मॅडम, मला जे लिहून आलंय ते मी सांगते." ती बिचारी खरंच बोलत होती. तरी मी तिच्यावर ओरडले. मी फोनवर सहसा ओरडत नाही. ओरडल्यावर तिने फक्त "बरं मॅडम" म्हटलं आणि फोन ठेवला, आणि मला आणखी वाईट वाटलं.

स्पीकर चालू होता. बाबांनी सगळं ऐकलं होतं. ते हळूहळू उठून बसले.

"मी येवचंय नाय."

आई म्हणाली, "असं काय बोलता?"

"पयलो चुकलो. आता दुसरो करतत. शनवारी पण बोलवतत, दोनदा भाजतत. वाढला म्हणान भाजतत." प्रत्येक शब्दाला थांबत होते. "माझ्या अंगार शिकतत हे."

"तुम्हांला कोणी सांगितलं वाढलं म्हणून?"

"नाय वाढला म्हणान कोणी सांगला?"

आई चिडली. इतके दिवस ती चिडली नव्हती. तिने त्यांना सुनावलं की तुमच्यासाठी मुलगी रोज अर्धी रजा टाकून धावते आणि तुम्ही आता मध्येच हात वर करता. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला दोघांचाही राग येत होता. त्यांचा, इस्पितळाचा, त्या ज्युनिअर डॉक्टरचा, मामाच्या बेळगावचा. आणि मुख्य म्हणजे, बाबा म्हणतात ते चूक आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते याचा.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत येत नाही म्हणून सांगून टाकलं आणि एकटीच इस्पितळात गेले. डॉक्टर बाईंच्या दाराबाहेर बसले. आत कोण आहे, नंबर कितवा, काही विचारलं नाही. मदतनीस दोनदा येऊन म्हणाला की आज तुमची अपॉइंटमेंट नाही. मी म्हटलं, माहीत आहे. दुपारचं जेवण आटोपून बाई परत येत होत्या तेव्हा मी उभी राहिले.

"मला पाच मिनिटं हवीत. माझे वडील शेक घ्यायला नाही म्हणतायत."

त्यांनी ओळखलं. आत घेतलं. खुर्चीत बसताना त्यांनी पाठ दाबली, एवढं माझ्या लक्षात आहे. थकलेल्या दिसत होत्या.

"का नाही म्हणतायत?"

"पहिला प्लॅन चुकला असं त्यांना वाटतं. किंवा रोग वाढलाय असं. खरं म्हणजे मलाही वाटतंय."

"वजन उतरतंय, प्लॅन बदलावा लागेल असं मी त्यांना सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात तपासताना. ते मान हलवत होते."

मला आठवलं. त्या दिवशी मी खाली औषधं घ्यायला गेले होते. परत आले तेव्हा बाबा दाराशी उभे होते आणि मी विचारलं होतं काय म्हणाल्या, तर त्यांनी हाताने "काही नाही" केलं होतं. घसा जळत असताना माणूस मान हलवतो ती लवकर सुटका व्हावी म्हणून. बाई बोलल्या असतील आपल्या इंग्रजी मिसळलेल्या मराठीत, घाईत. बाईंनी सांगितलं होतं, बाबांनी मान हलवली होती, आणि एकाचं दुसऱ्याला काहीच पोचलं नव्हतं.

"ते मान हलवतात," मी म्हटलं. "कळलं नाही तरी हलवतात. तुम्ही मला फोन का नाही केला?"

बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

गळ्याचे दोन स्कॅन एकावर एक ठेवलेले होते. पहिला करडा, दुसऱ्याची कड हिरवी. मला आधी काही दिसेना. मग बाईंनी पेनाच्या टोकाने दाखवलं. इथे पहिल्या वेळी त्वचा होती. आता ती इथे आहे, आत. दोन रेषांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी रिकामी जागा होती. एवढे माझे बाबा कमी झाले होते.

"आणि ही गाठ," त्या म्हणाल्या. "लाल रेघ पहिली. आता बघा."

लाल रेघेच्या आत गाठ अर्ध्याहून लहान होती.

"म्हणजे वाढली नाही?"

"आक्रसलीय. चांगली आक्रसलीय. तोच तर प्रश्न झाला. मान बारीक झाली, गाठ लहान झाली, त्यामुळे आतल्या गोष्टी सरकल्या. हा मणका, यातून मज्जारज्जू जातो. जुन्या प्लॅनप्रमाणे किरण सोडले तर याच्यावर जास्त पडले असते. लाळेच्या ग्रंथींवरसुद्धा. रोज शेकाच्या आधी मशीन एक छोटा स्कॅन घेतं, त्यात ते दिसलं, म्हणून त्या दिवशी थांबवलं."

"आणि शनिवार? दोनदा?"

"एकूण शेक तेवढाच आहे. एकही जास्त नाही. नवा प्लॅन होईपर्यंत जे दिवस गेले ते भरून काढायचेत. फार खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात."

झालं. एवढंच होतं. मी गणित शिकवते, मला ते एका बैठकीत कळलं. अक्षरशः पाच मिनिटं लागली असतील. आणि त्या पाच मिनिटांपायी आमच्या घरात सगळं आठवडाभर उलटंपालटं झालं होतं. आनंद व्हायला हवा होता, गाठ लहान झाली होती. पण मला रागच आला होता.

"हे त्यांना तुम्ही सांगा," मी म्हटलं. "मी सांगून ते ऐकणार नाहीत. मी त्यांची मुलगी आहे, मी त्यांना बरं वाटावं म्हणून काहीही सांगेन हे त्यांना ठाऊक आहे."

"सोमवारी मशीनवर जायच्या आधी माझ्याकडे आणा."

सोमवारी त्यांना आणायचं हेच एक काम झालं. मी घरी एवढंच म्हटलं की डॉक्टर तुम्हांला स्वतः दाखवणार आहेत, नंतर नको असेल तर परत येऊ. खरंच तसं करायची माझी तयारी होती की नाही, सांगता येत नाही. ते आले.

बाईंनी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. या वेळी हळू बोलल्या. जिथे इंग्रजी शब्द आला तिथे थांबून माझ्याकडे बघितलं, मी मालवणीत सांगितलं. बाबा दोन्ही रेषांकडे बराच वेळ बघत होते. मग स्वतःच्या मानेवरून, गाठीच्या जागेवरून हात फिरवला.

"डाक्टरबाय," ते म्हणाले. आवाज एवढा लहान की बाई पुढे वाकल्या. "असां होतला, ह्या तुमका आधीच ठावक होता?"

मी सांगू लागले, पण बाईंना कळलं होतं.

"होऊ शकतं हे माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना होत नाही. म्हणून पहिल्या दिवशी सांगितलं नाही. तेव्हा सांगण्यासारखं आणखी पुष्कळ असतं."

"सांगूक व्हया होता."

"हो," बाई म्हणाल्या. "सांगायला हवं होतं."

मग बाबा खुर्चीचा हात धरून उठले आणि मशीनच्या खोलीकडे निघाले. बाईंनी मागून विचारलं, "काका, नळीचं काय? आणखी वजन उतरलं तर हे सगळं पुन्हा करावं लागेल."

बाबा दारात थांबले. नळीबद्दल त्यांना किती किळस होती मला माहीत होतं. त्यांच्या खाणीवरच्या एका सोबत्याला शेवटी नळी लावली होती आणि तो त्यातून उठला नव्हता. नळी म्हणजे शेवट, असं त्यांच्या मनात बसलेलं. हे त्यांनी मला त्या दिवशी संध्याकाळी सांगितलं, त्याआधी कधीच नाही. म्हणजे आम्हीही त्यांना कारण विचारलं नव्हतं. हाताने नाही म्हटलं, आम्ही हट्टी म्हणून सोडून दिलं.

"घाला," ते म्हणाले.

नळी घातली. आई त्यातून दूध, पेज, नाचणीची आंबील गाळून गाळून द्यायची. पहिले दोन दिवस ती रडत द्यायची, मग हात बसला. बाबा नळी कानामागे चिकटवून बलकांवात बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याने बघितलं तर त्यांना चालायचं नाही, पण आत कोंडून बसणंही जमायचं नाही. मामा पुन्हा आला, या वेळी हात हलवत. मी त्याला स्कॅनचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" आणि ते विचारण्यात तो चुकत नव्हता.

शेक संपला. शेवटचे दोन आठवडे फार वाईट गेले, मानेची कातडी काळी पडून सोलली, शेक दोनदा होता त्या दिवशी आम्ही इस्पितळाच्या आवारातल्या बाकावर दुपार काढली. पण पुढे खंड पडला नाही. काही महिन्यांनी मोठा स्कॅन झाला. बाई म्हणाल्या, सध्या काही दिसत नाही. मी विचारलं, सध्या म्हणजे? त्या म्हणाल्या, सध्या म्हणजे आज. पाच वर्षं बघत राहावं लागेल. हे पाच वर्षांचं तरी त्यांनी न विचारता सांगितलं. मला वाटतं, मला बघून.

नळी निघाली. आवाज थोडा परतला, खरखरीत. लाळ मात्र कमीच आहे, आणि शेकाने थायरॉइड मंदावलाय म्हणून त्याची रोज गोळी. चव अर्धी आलीय, गोड कळतं, तिखट नुसतं झोंबतं. सोलकढी त्यांना अजून जमत नाही. आईने त्यावरून एकदा बाईंना सरळ विचारलं, मी मध्ये पडायच्या आधीच, की प्लॅन बदलला तो लाळ वाचवायला ना, मग लाळ का नाही. बाई म्हणाल्या, बदलला नसता तर याहून कमी असती. आईला ते पटलं नाही. मला पटलं, पण बरं वाटलं नाही.

आता बाबा तपासणीला एकटे जातात. डिचोलीहून बस, म्हापशाला बदलायची. मी रजा टाकते म्हटलं तर नको म्हणतात. तुझी पोरां थंय वाट बघतत, शाळेत जा. परत आले की मी फोन करते.

"काय म्हणाल्या?"

"बरा आसा."

"रक्ताचा रिपोर्ट? थायरॉइडची गोळी बदलली का? पुढच्या वेळी स्कॅन आहे का?"

"सगळा बरा आसा म्हटलंय ना. जेवलंस काय?"

आणि फोन ठेवतात. मग मी आईला फोन करते. आईला त्यांनी तेवढंही सांगितलेलं नसतं.